गेरू आणि दोन हात चुना

एखाद्याची तक्रार घेऊन नव्हे, तर त्यानं केलेलं एखादं चांगलं काम सांगण्यासाठी तुम्ही कुणाच्या दारात शेवटचे कधी गेला होता? घाई करू नका, आठवून पाहा. वाढदिवसाचे मेसेज धरायचे नाहीत. सत्कार समारंभात घातलेले हारही धरायचे नाहीत, कारण तिथे फोटो निघतो. पायात चप्पल अडकवून, घरून निघून, ‘अमक्यानं असं केलं, मी पाहिलं’ एवढंच सांगून परत आलात, असं कधी झालं?

माझं उत्तर परवापरवापर्यंत ‘एकदाही नाही’ असं होतं. आणि मी समाज जागा करायचं काम करते, अशी माझी समजूत आहे.

प्रश्नही माझा नाही. तो आमच्या माध्यमिक शाळेतल्या चित्रकलेच्या सरांचा. जानेफळहून मेहकरकडे जाताना एका गावात रस्त्याला लागून बैठी, पत्र्याची शाळा आहे. बसमधून तिची मागची भिंत दिसते. त्या भिंतीवर एके काळी गेरूनं लिहिलेल्या ओळी होत्या. एकाखाली एक, नाव आणि पुढे काम. ‘रमेश : नव्या मुलाला बसथांब्यापासून वर्गापर्यंत आणतो.’ ‘शबाना : फळ्यावरची बेरीज चुकली तर गुरुजींना सांगते.’ ‘विठ्ठल : पोत्याला हात लावून सोयाबीन ओलं की वाळलेलं ते ओळखतो.’ बस थांबली की लोक खिडकीतून मान बाहेर काढून वाचायचे. परगावच्यांना वाटायचं, ही गावाची जाहिरात आहे.

सर सायकलवर यायचे. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी ब्रश, कॅरिअरला गेरूचा डबा. ब्रश पुसायला ते फडकं वापरत नसत, उजवा गुडघा वापरत. त्यामुळे त्यांच्या सगळ्या पँटींना एकाच जागी लाल डाग होता. एखाद्या दिवशी नवी पँट घालून आले तर मागच्या बाकावर कुजबुज व्हायची, “आज सरायच्या घरी कोनाचं लगन हाये बे?”

त्यांच्या तासाला दोन डोंगर आणि मधून उगवणारा सूर्य काढायला बंदी होती. “हे डोंगर कुठचे? आपल्या शिवारात दाखव, मी पायी येतो पाहाले.” त्याऐवजी आम्ही चपलांची चित्रं काढायचो. स्वतःच्या नाही, शेजारच्याच्या. चित्र झालं की ते सर वर्गात फिरवायचे, आणि ती चप्पल कुणाची हे वर्गानं ओळखलं तरच सही मिळायची. कुणाचा अंगठा तुटलेला, कुणाची टाच एका बाजूनं झिजलेली, कुणाला तारेचा टाका. बाकीची पोरं पंधरा दिवसांत तयार झाली. मी सहामाहीपर्यंत अडकून होते. शेवटी माझीच चप्पल काढली आणि खाली शेजारणीचं नाव टाकलं.

चित्र फिरून परत आलं. सरांनी ते डोळ्याजवळ धरलं, मग बाकाखाली वाकून माझ्या पायांकडे पाहिलं.

“हे तर अध्यक्षायची दिसून राह्यली.”

अध्यक्ष म्हणजे मी. हे नाव सरांनीच ठेवलं होतं, कारण मी शाळेत तोंड उघडलं की पहिला शब्द ‘अध्यक्ष महोदय’ निघायचा. पाणी प्यायला जाऊ का, हेही मी त्याच सुरात विचारायचे, असं माझ्या वर्गमैत्रिणी अजून सांगतात. मी ते नाकारलेलं नाही.

यात माझ्या घराचा हात आहे. बाबा मेहकर डेपोत कंडक्टर. जयंती असो, मोर्चा असो, वसतिगृहाचा प्रश्न असो, बाबा पत्रक काढायचे आणि ज्या मार्गावर ड्युटी असेल त्या मार्गावरच्या गावांत पोचवायचे. उरलेली पत्रकं घरी. आमच्या डब्याखाली पत्रक, ट्रंकेत पत्रक, पाठीमागची कोरी बाजू माझ्या गणिताला. मी वाचायला शिकले तीच ‘बंधू-भगिनींनो’पासून. आमच्या वस्तीतल्या दुसऱ्या पोरी घर-घर खेळायच्या, मी ठराव-ठराव खेळायचे. माझ्या बाहुलीचं लग्न झालं नाही. तिचा जाहीर निषेध झाला होता.

तर भिंत. तिचे नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण सगळ्या शाळेला पाठ होते. स्वतःची ओळ स्वतः आणायची नाही. ज्यानं पाहिलं त्यानं येऊन सांगायचं. ‘हुशार आहे’, ‘गुणी आहे’ असलं सांगितलं की सर हात हलवायचे. “हुशारी मले दिसत नाही, माहा चष्मा जुना हाये. काय करते थे सांग.” मग सर स्वतः जाऊन पाहणार, आणि डोळ्यांनी पाहिल्यावरच गेरूचा डबा उघडणार. शाळेत याला चुगली म्हणत. मधल्या सुट्टीत कुणीतरी सरांच्या सायकलपाशी जाऊन उभं राहायचं आणि हळूच म्हणायचं, “सर, एक चुगली हाये.” सर लगेच गंभीर होऊन कान पुढे करायचे, जणू खून झाला आहे.

सुनंदाची ओळ अशीच आली. सुनंदा माझ्या वर्गातली, वस्तीत आमच्यापासून दोन घरं सोडून राहणारी. तिचे वडील हापश्या दुरुस्त करणाऱ्या गाडीवर मदतनीस होते. पाचवीतली एक चिमुरडी सरांकडे गेली आणि म्हणाली, “सर, सुनंदाताईले हापशी खोलता येते.” सर म्हणाले, “पाहू.” आता पाहायचं तर हापशी बिघडायला हवी. ती बिघडेना. सर जवळजवळ चार महिने रोज सकाळी शाळेच्या हापशीचा दांडा दोनदा हलवून पाहायचे, पाणी आलं की निराश होऊन वर्गात जायचे. हेडमास्तरांनी एकदा विचारलं, तर म्हणाले, “चांगली चालून राह्यली. काही इलाज नाही.”

शेवटी उन्हाळ्याच्या तोंडाला साखळी तुटली. अख्खी शाळा कोरडी. सर धावत वर्गात आले, एवढे खुश की आम्हाला वाटलं सुट्टी जाहीर झाली. सुनंदानं घरून पाने आणले, झाकण खोललं, ओढणी कमरेला बांधून आत हात घातला. सर उकिडवे बसून पाहत होते. साखळी बसली, पाणी आलं, आणि पोरं ओंजळी घेऊन धावली तोवर सर भिंतीपाशी पोचले होते. ‘सुनंदा : हापशीचं झाकण खोलून तुटलेली साखळी बसवते.’

सुनंदाच्या आईला वाचता येत नव्हतं. पण ती ओळ कुठून सुरू होते नि कुठे संपते हे तिला ठाऊक होतं. पाहुणा आला की ती त्याला आधी भिंतीकडे न्यायची, मग चहा.

आणि मी? मी तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते. मेहकरात, भरल्या सभागृहात. ढाल मिळाली, शाळेत टाळ्या झाल्या. भिंतीवर काही आलं नाही. मी आठवडाभर वाट पाहिली. मग सुनंदाला म्हटलं, “तू जाऊन सांग ना सरले.”

“काय सांगू?”

“मी बोलते म्हणून.”

“थे तं त्यायले माहीत हाये वं,” सुनंदा म्हणाली. “साऱ्या गावाले माहीत हाये. गावातल्या म्हशीयले माहीत हाये.”

मग मी नियम मोडून स्वतःच सायकलपाशी गेले. म्हटलं, “सर, माझी ओळ राहिली.”

“कोनी आलंच नाही तुह्यासाठी.”

“पण मी तालुक्यातून पहिली आली.”

“थे कचेरीतल्या पाटीवर येईन. भाषन मी आयकलं. घड्याळ लावून आयकलं. सात मिनिटांत तू दीड मिनिट बोलली.”

“आणि बाकीचं?”

“बाकीचं तुहा आवाज बोलला.” मग सायकलचा स्टँड काढता काढता त्यांनी विचारलं, “बरं, तू कोनाची चुगली घेऊन आली काय? आठवीपासून या शाळेत हायेस.”

मी काहीच घेऊन गेले नव्हते. त्या प्रश्नाचा मला राग आला. आणि माझ्यासारख्यांची एक अडचण असते, आम्हाला नुसता राग येत नाही. आम्हाला लगेच त्यामागचं तत्त्व सापडतं.

मला ते त्याच संध्याकाळी सापडलं. हेडमास्तरांच्या कचेरीत सोनेरी अक्षरांची पाटी आहे, तिच्यावर दहावीला आणि स्पर्धांत पहिल्या आलेल्यांची नावं, पुढे टक्के नाही तर ढाल. मागच्या भिंतीवर मात्र मजुरांच्या, कष्टकऱ्यांच्या लेकरांची नावं, आणि पुढे काय? हापशी, पोतं, बसथांबा. म्हणजे एकाला टक्के आणि एकाला पाना! ही नुसती भिंत नाही, ही व्यवस्था आहे! हे मी लिहीत गेले आणि माझ्याच अंगावर काटा येत गेला. आज वाचते तेव्हा वाटतं, यातलं निम्मं अगदी खरं होतं. तीच तर वाईट गोष्ट आहे. साफ खोटं लिहिलं असतं तर कुणी ऐकलं नसतं.

पत्रकाचं शेवटचं वाक्य होतं : ‘साखळी हापशीची असो वा गुलामीची, ती तोडल्याशिवाय आम्ही राहणार नाही!’

बाबांनी ते जेवताना वाचलं. डोळ्यांत अभिमान दिसला, पण हातातला घास थांबला. “सरले भेटली काय तू?”

“काहून?”

“मी कोनाच्या विरोधात पत्रक काढाच्या आधी त्या मानसाले एक डाव भेटतो. डेपो मॅनेजर असो का कोनी असो. तू भेटली?”

“हो,” मी म्हटलं. भेटले होतेच. कशासाठी ते बाबांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

झेरॉक्स काढून मी ते शाळेत वाटलं. मग हेडमास्तरांना निवेदन दिलं : भिंतीवरचा अपमानकारक मजकूर पुसून टाकावा, अन्यथा आंदोलन. माझी घोषणा तयार होती, वस्तीतली दोन पोरं तयार होती. हेडमास्तरांनी निवेदन वाचलं आणि म्हणाले, “मागणी अत्यंत रास्त आहे. आजच मान्य.”

माझ्या आयुष्यात एका दिवसात यशस्वी झालेलं हे एकमेव आंदोलन. मला तिथेच संशय यायला हवा होता. रस्त्याकडेची ती भिंत त्यांना केव्हापासून हवी होती. तिथे शाळेच्या निकालाचा मोठा फ्लेक्स लावायचा, बसमधल्या पालकांना दिसेल असा, हा त्यांचा जुना बेत. सरांच्या ओळींमुळे अडला होता. त्यांना फक्त पुढारी हवा होता, आणि मी स्वतः चालत आले होते.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर चुना लावायचा ठरला. हेडमास्तर मजूर बोलावणार होते. सर म्हणाले, “बाहेरचा मानूस काहून? मीच लावतो.” मग माझ्याकडे वळले. “अध्यक्ष, मागनी तुमची. बादली कोन धरीन?”

मी बादली धरली. सर शिडीवर. मोठा कुंचला ते बादलीत बुडवायचे आणि एकेक ओळ वरून खाली नाहीशी व्हायची. मला वाटलं होतं ते रागावतील, किंवा समजावतील, आणि दोन्हीला माझ्याकडे उत्तर होतं. त्यांनी खिशातून माझं पत्रक काढलं, चष्मा वर केला आणि शिडीवर बसूनच म्हणाले, “हे पाटीचं लिवलं थे खरं हाये. मले पटलं.”

मी बादली सावरली.

“मंग कचेरीतली पाटी पुसा म्हनून काहून नाही मांगतलं? हेच काहून मांगतलं?”

उत्तर मला ठाऊक होतं. त्या पाटीवर माझं नाव येणार होतं.

सरांनी पत्रक घडी करून परत खिशात ठेवलं आणि वरच्या कोपऱ्याकडे वळले. दुपारपर्यंत पहिला हात झाला. चुना वाळायला लागला तसा खालचा गेरू हळूहळू गुलाबी होऊन वर यायला लागला. ‘हापशीचं’ दिसलं, ‘बसवते’ दिसलं. सर म्हणाले, “गेरू हाये बाप्पा, एका हातानं नाही जात. दुसरा हात.” उन्हात दुसरा हात झाला. माझे खांदे निखळायला आले होते, हात चुन्यानं उलले होते. मी बोलले नाही. आजही मला प्रश्न पडतो की सात मिनिटांच्या भाषणात माझ्याकडे इतके शब्द होते, ते त्या दिवशी गेले कुठे.

मधेच फाटकापाशी सुनंदा उभी दिसली. सोबत तिची आई आणि देऊळगाव राजाहून आलेली मावशी. पाहुणीला भिंत दाखवायला आणलं होतं. आईनं बोट उचललं, नेहमीच्या जागी नेलं, आणि ते तसंच हवेत राहिलं. मावशीनं विचारलं, “कुठं गं?” आई म्हणाली, “होती इथंच.” मग तिघी परत वळल्या. सुनंदा जाताना एकदाच माझ्याजवळ आली.

“तुह्यं पत्रक वाचलं. साखळी तोडू नको वं माय. तोडली तं पानी कसं येईन?”

तिला हसू आलं नव्हतं. मलाही नाही.

सोमवारी शाळा भरायच्या आधीच भिंतीवर लोखंडी चौकट ठोकून मागच्या वर्षीच्या निकालाचा फ्लेक्स चढला, आणि आमच्या दहावीच्या निकालानंतर त्या जागी नवा. मी शाळेतून पहिली आले होते. त्यामुळे त्यावर सर्वांत मोठा फोटो माझा, हात जोडलेला, जणू भिंतीची मी माफी मागते आहे. सुनंदा त्या वर्षी नापास झाली. पुढच्या खेपेला पास झाली, पण फ्लेक्सवर दुसऱ्या खेपेला पास झालेले नसतात. सर त्याच वर्षी निवृत्त झाले. निरोप समारंभात भाषण मीच केलं. त्यांनी घड्याळ पाहिलं की नाही, ते बघायची माझी हिंमत झाली नाही.

माझा फ्लेक्स पुढच्या वर्षी नव्या निकालासाठी उतरला आणि गावातल्या एका शेळ्यांच्या गोठ्यावर छप्पर म्हणून गेला. कॉलेजच्या सुट्टीत मी घरी आले की तो दिसायचा. शेळ्या माझ्या उलट्या चेहऱ्याखाली निवांत रवंथ करायच्या. एखाद्या पुढाऱ्याचा यापेक्षा जास्त उपयोग झालेला मी तरी पाहिलेला नाही.

मी पुढे शिकले, पत्रकं काढत राहिले, आता लेखही लिहिते. त्यात बरीच उद्गारचिन्हं असतात. सुनंदानं गावात मोटर रिवायंडिंगचं दुकान टाकलं. आम्ही एकमेकींशी बोलत होतो, पण हवापाण्याचं.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला. शाळेत नव्या हेडमास्तर मॅडम आल्या आहेत, मागच्या भिंतीला प्लास्टर करायचं होतं. गवंड्यानं फ्लेक्सची चौकट उखडली आणि प्लास्टरआधी भिंतीवर पाणी मारलं. सुनंदा शाळेच्या बोअरची मोटर बसवायला तिथेच आली होती.

“ये इकडे,” ती म्हणाली. “गवंड्याले थांबवून ठेवलं हाये. तुही ओळ हाये इथं.”

“माझी कुठली ओळ? माझी नव्हतीच.”

“ये तं खरी.”

मी पोचले तेव्हा भिंत ओली होती आणि चुन्याखालून जुने अर्धेमुर्धे शब्द गुलाबी होऊन वर आले होते. पण जिथे इतकी वर्षं फ्लेक्स होता, नेमका माझा जोडलेल्या हातांचा फोटो लागला होता त्या जागी, एक ओळ चुन्याच्या वर होती. दोन हातांच्या वर. म्हणजे भिंत पुसून झाल्यावर लिहिलेली. त्यावर ऊन पडलं नव्हतं, म्हणून गेरू ताजा वाटत होता. माझं नाव, आणि पुढे : ‘एक शब्द न बोलता दोन हात चुना होईपर्यंत बादली धरते.’

भिंतीवर काही लिहायचं तर कुणीतरी चुगली करावी लागते. मी सुनंदाकडे पाहिलं.

“त्याच रोजी संध्याकाळी गेली होती मी सरायकडे,” ती पान्यानं नट आवळत म्हणाली. “रागच आला होता तुहा. पन पाह्यलं थे पाह्यलं. तू पयाली नाही.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“मले वाटलं वाचशीन. सोमवारी सकायीच तं हेडमास्तरनं फ्लेक्स ठोकला. अन् मंग तू इतकी मोठी झाली, फ्लेक्सवर.”

दुसऱ्या दिवशी मी मेहकरला सरांच्या घरी गेले. ते ओट्यावर बसले होते, गुडघ्यावर डाग तसाच. मला वाटतं डाग आता पँटीला नाही, गुडघ्यालाच असावा.

“कोन? अध्यक्ष?”

“सर,” मी म्हटलं, “एक चुगली हाये.”

त्यांनी कान पुढे केला. मी सांगितलं : सुनंदा, स्वतःची ओळ पुसणाऱ्या पोरीची ओळ घेऊन त्याच संध्याकाळी तुमच्याकडे आली. माझा आवाज चांगलाच भरून आला होता, शेवटाला मी जरा थांबलेही. सवय जात नाही.

“तू पाह्यलं काय थे?”

“नाही सर. तिनंच सांगितलं. आणि तुम्ही पाहिलं.”

“मंग थे नाही चालत. तिच्या तोंडचं हाये. तुह्या डोयानं पाह्यलेलं काही?”

मी विचार करत बसले. दोन घरं सोडून राहणारी पोर, आठवीपासून एका वर्गात, आणि माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं एकही काम मला आठवेना. हापशीच्या वेळी मी तिथे होते. पण तेव्हा मी माझ्या पुढच्या भाषणाचा विचार करत होते.

सर म्हणाले, “जा, पाहून ये.”

म्हणून मी एक दिवस सुनंदाच्या दुकानात स्टुलावर बसले. सकाळी दुकान उघडल्यापासून शटर खाली येईपर्यंत. पहिले दोन तास काय पाहायचं तेच कळेना. सुनंदा म्हणाली, “काय वं, धरणं हाये काय हे?” मी म्हटलं, “तू तुझं काम कर.” दुपारनंतर लक्षात आलं. मोटर नीट झाली की ती गिऱ्हाइकाला मोटर देते, आणि आतून काढलेला जळका भाग, झिजलेली बेअरिंग, तुटकी तार, तेही त्याच्या हातावर ठेवते. “हे काढलं. पाहून घ्या.” कुणी मागत नाही. एक म्हातारा म्हणालाही, “मी काय करू याचं?” ती म्हणाली, “काही नाही, काका. तुमचं हाये, पाहा.” दिवसभरात प्रत्येकाला. एकालाही चुकली नाही.

मी परत मेहकरला गेले. या वेळी आवाज भरून आला नाही. एका वाक्यात सांगितलं. सर म्हणाले, “येतो पाहाले.” आणि दोन दिवसांनी एस.टी.नं आले, त्याच स्टुलावर दुपारपर्यंत बसले, उठताना म्हणाले, “डबा कुठं हाये?”

आता भिंतीवर नवी पहिली ओळ आहे. ‘सुनंदा : काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवते.’ तिची आई मावशीला फोन करून बोलावते आहे.

हेडमास्तर मॅडमनी प्लास्टर माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यापर्यंत थांबवलं आहे. तोवर भिंत भरली तर तशीच राहील, नाही तर गवंडी येईल. जुन्या ओळी परत लिहिता येत नाहीत. सरांनी कधी वही ठेवली नाही; म्हणायचे, वहीत गेलं की भिंत कोणी पाहत नाही. जे मी पुसलं ते गेलं, फक्त पाणी मारलं की तुकडे दिसतात.

तेव्हा हे माझं आणखी एक पत्रक समजा, आणि या खेपेला आधी ज्यांना भेटायचं त्यांना भेटून काढलेलं. त्या शाळेत तुम्ही शिकला असाल तर मेळाव्याला या. शाल आणू नका, नारळ आणू नका, स्वतःचे टक्के तर अजिबात आणू नका. तुमच्या बाकावर शेजारी जो बसायचा, जी बसायची, त्यांच्याकडे आधी जा, एक दिवस बसा, आणि डोळ्यांनी पाहिलेलं एक काम घेऊन या. ऐकीव चालणार नाही. मी करून पाहिलं आहे. सर गेरू घेऊन बसलेले असतील. शिडी आहे, ब्रश आहे, बादली धरायला मी आहे.

मी काही बोलणार नाही.